तिसऱ्या मजल्याची तपासणी

म्हातारपणी परदेशात मिशनच्या सेवेला जाण्यात काकांचा फायदा काय, असं कुणी विचारलं असतं, तर जमेच्या बाजूला एकच गोष्ट निघाली असती: बायको. पगार नव्हता, विमानाचं तिकीट पदरचं, राहायला दोन खोल्या आणि स्वयंपाकघरातला नळ ठिबकणारा. पण त्या दोन खोल्यांत काकू होत्या. मायदेशी काकू मोठ्या मुलाकडे, कारण तिथे सांभाळायला नातवंडं; आणि काका धाकट्याकडे, कारण तिथे फिरवायला कुत्रा. दोन्ही मुलं गुणी. वाटणी अगदी न भांडता झाली होती. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवराबायको रविवारी फोनवर भेटत, तेही मागे कुणाचं तरी रडणं नाहीतर भुंकणं चालू असताना. मिशनचा नियम मात्र लाखमोलाचा होता: ज्येष्ठ जोडप्यानं जिथे जायचं तिथे जोडीनंच जायचं. हा नियम वाचला आणि काकांना देवाची हाक स्वच्छ ऐकू आली.

काका निवृत्त शाळातपासनीस आणि काकू मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त रेक्टर. मिशनप्रमुखांनी दोघांचा अनुभव पाहून तरुण प्रचारकांच्या खोल्या तपासायचं काम त्यांच्यावर सोपवलं. पोरं विशीतली, घरापासून लांब आलेली. दिवसभर दारोदार प्रभूची वार्ता सांगत हिंडायची आणि खोलीचा उकिरडा करायची. महिन्यातून एकदा जाऊन ते बघायचं. फक्त बघायचं. यावर प्रमुखांचा भर होता, कारण मागच्या खेपेला काकूंनी न राहवून पोरांचे पांढरे शर्ट धुतले होते, एका लाल टॉवेलासकट. पुढचे कितीतरी दिवस प्रभूची वार्ता गुलाबी शर्टांत हिंडत होती.

"काकू," प्रमुख हात जोडून म्हणाले होते, "तुमचं मन फार मोठं आहे. पण आता आणखी एक तक्रार आली, तर मला तुम्हा दोघांना विश्रांतीसाठी घरी पाठवावं लागेल."

विश्रांती म्हणजे नातवंडं आणि कुत्रा.

त्या दिवशी पत्ता होता तिसऱ्या मजल्याचा. दोघं धापा टाकत तीन जिने चढले. त्या देशात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, हे इतके महिने राहूनही काकांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. खरं तर दोन जिने पुरले असते.

"घ्या! कुलूपसुद्धा नाही," काकांनी हातातल्या कागदावर पहिली फुली मारली. "दार नुसतं लोटलंय."

"अगं बाई!" काकू उंबऱ्यातच थबकल्या. खुर्चीवर मोजे, दिव्यावर मोजे, आणि मोरीत भांड्यांचा असा ढीग की वरचा पेला हलवायला धीर होऊ नये. "माणसं राहतात का डुकरं?"

"फक्त बघायचं," काकांनी बजावलं.

"बघतेच आहे की," म्हणेपर्यंत काकूंनी पदर खोचला होता.

काकांनी विरोध केला नाही असं नाही. पण शाळा तपासणं वेगळं आणि बायकोला थांबवणं वेगळं. घटकाभरात तेही फडकं घेऊन खिडकी पुसत होते. तेवढ्यात पलंगाखालून काकूंचा आवाज आला.

"अहो, इकडे या. आणि आधी काहीतरी धरून उभे राहा."

पलंगाखाली बिअरच्या बाटल्या होत्या. रिकाम्या नव्हे, भरलेल्या.

"प्रभू!" काका म्हणाले. "हे वर कळलं तर पोरांना पहिल्या विमानानं घरी पाठवतील."

"कळेल कशाला?" काकूंनी बाटल्या मोरीत ओतायला घेतल्या. "आईबापांनी किती विश्वासानं पाठवलंय लेकरांना."

बाटल्या संपतात तोच दुसरा पुरावा निघाला. एक बायकी चप्पल, आणि कोपऱ्यात तिची जोडीदारीण. आता मात्र रेक्टर जागी झाली. वसतिगृहात भिंतीपलीकडून चिठ्ठी आली तरी ज्यांना झोप लागत नसे, त्या काकूंनी ती जोडी उचलून दारातच, आल्या आल्या दिसेल अशी मांडली.

"येऊ देत. चपला दाखवते आणि विचारते. तोवर न्हाणी घासून घेते. घासताना मला नीट सुचतं."

काका धुतलेले कपडे घेऊन गॅलरीत गेले. एकेक शर्ट असा, की त्यात दोन प्रचारक आरामात मावले असते. या पोराला इथलं खाणं चांगलंच मानवलेलं दिसतंय, असं म्हणत त्यांनी चिमटा लावला.

त्याच वेळी जिन्यात जड पावलं वाजली. घराचा खरा मालक, एक आडदांड ट्रकड्रायव्हर, दारात आला आणि चपला पाहून जागच्या जागी खिळला. मग त्यानं लखलखीत भांडी पाहिली. न्हाणीत पाण्याचा आवाज ऐकला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"आलीस?" तो न्हाणीच्या बंद दाराशी जाऊन म्हणाला. "मला वाटलंच होतं. किल्ली माझ्या अंगावर फेकून गेलीस, म्हणून दाराला एक दिवसही कुलूप लावलं नाही मी."

आत काकूंनी नळ बंद केला. माणूस कबुली द्यायला लागला की मध्ये बोलायचं नाही, हे त्या नोकरीत शिकल्या होत्या.

"माझंच चुकलं," ड्रायव्हर नाक ओढत म्हणाला. "मी गलिच्छ आहे. ट्रकसुद्धा पुसतो, पण घर नाही. आता भांडी मी घासीन. बाटल्या तर आत्ताच्या आत्ता फेकतो..." तो पलंगाखाली वाकला. "तूच फेकल्यास? बरं केलंस. आणि तुझ्या आईला मी जे बोललो ना, तेवढं सोडून सगळं मागे घेतो. बरं, तेही घेतो."

प्रचारकाला सासू कुठली, हा प्रश्न काकूंना आत आणि काकांना गॅलरीत एकदमच पडला. काका ओला शर्ट घेऊन गॅलरीच्या दारात आले. समोरचा माणूस पाहिल्याबरोबर शर्ट कुणाचा ते त्यांना कळलं.

"तुम्ही कोण?" ड्रायव्हर दचकला.

"तपासणी," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"कसली?"

"स्वच्छतेची."

ड्रायव्हरच्या डोळ्यांत आशा चमकली. "तिनं पाठवलं तुम्हाला?"

'हो' म्हणायचा अवकाश होता. तक्रार नाही, प्रमुख नाहीत, विमान नाही. सेवेला आलेल्या माणसाची हीच पंचाईत असते: त्याला सोयीचं खोटं बोलता येत नाही, निदान गळ्यात मिशनचा बिल्ला असताना.

"नाही हो. आम्ही मिशनचे. आमची पोरं राहतात तिसऱ्या मजल्यावर."

"हा चौथा."

"आत्ता कळलं. तुमचे मोजे धुतले, बिअर ओतली, सगळं आमच्याकडून झालं. पण हात जोडतो, तक्रार करू नका. तक्रार गेली की हिला मोठ्याकडे पाठवतील आणि मला धाकट्याकडे."

ड्रायव्हरला सगळं कळलं नाही, पण मुद्द्याचं कळलं. "म्हणजे तुमचीही बायको जाणार?"

"हो."

"बसा," ड्रायव्हर म्हणाला आणि स्वतःही खाली बसला.

न्हाणीचं दार उघडलं. हातात ब्रश, कपाळावर साबणाचा फेस, अशा काकू बाहेर आल्या. "आता दोघं गळ्यात गळा घालून रडा! काय रे, एवढं सुरेख बोललास ते कुणाला? दाराला? जिला सांगायचं तिला सांग. लाव फोन."

ड्रायव्हरनं मुकाट्यानं फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"घर साफ झालंय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"आपलं."

"प्यायलायस?"

"नाही. ओतली."

"तू ओतलीस?"

"एका आजींनी."

मग, "फोटो पाठव." फोटो गेला. "हे कुणाचं घर आहे?"

शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच आली, औषधांच्या दुकानातल्या पांढऱ्या कोटासकट. कुणाशी न बोलता तिनं खुर्ची ओढली, तीवर चढून कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. स्वच्छ.

"हे यानं केलेलं नाही," ती म्हणाली.

"नाहीच," काकू म्हणाल्या. "पण तो जे बोलला, ते मी आतून ऐकलंय."

"काय बोलला?"

"मी कशाला सांगू? त्याला पुन्हा म्हणायला लाव. चुकला तर मला बोलव."

ती खुर्चीवरून उतरली आणि त्याच खुर्चीवर बसली. काकूंनी काकांना दंडाला धरून बाहेर काढलं. जिना उतरताना दोघांना इतकं हलकं वाटत होतं, की खरा तिसरा मजला कधी मागे पडला ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मिशनप्रमुखांचं बोलावणं आलं.

"तक्रार आलीय," प्रमुख म्हणाले. टेबलाखाली काकांनी काकूंचा हात घट्ट धरला. "तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांची. म्हणतात, आम्ही रात्रंदिवस खोली घासली आणि बघायला कुणी फिरकलंच नाही."

"एवढीच?" काकांनी विचारलं.

"एवढीच. तुमच्याबद्दल काम न केल्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतोय, ती काही मी धरत नाही. आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन होता. ते आजी-आजोबा अजून किती दिवस आहेत, विचारत होत्या. मी सांगितलं, वर्षभर तरी सोडत नाही."

काकांनी श्वास सोडला, हात मात्र सोडला नाही.

शेवटी खर्च कुणाच्या नावावर पडला, तेही सांगून टाकतो. ड्रायव्हरच्या बाटल्या गेल्या. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सासूची त्यानं माफी मागितली. ती त्याला जरा महाग पडली. काका-काकूंचं काहीच गेलं नाही. भरभक्कम किंमत मोजली ती तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी. आजींचे गुडघे जिन्यानं दुखतात, म्हणून वरच्या बाईंनी ती खोली तपासायचं आपणहून अंगावर घेतलं आहे. त्या महिन्यानं नव्हे, दर आठवड्याला येतात. आणि येताना खुर्ची घरूनच घेऊन येतात.