चौसष्ट घरांत नशीब नाही

बायकोनं, राहीबाईंनी, हातावर ठेवायला दह्याची वाटी आणली तेव्हा हवालदार लालासाहेब बर्गे बूट घालत होते. त्यांनी वाटीकडे पाहून हात मागे घेतला.

“सांगलीला बुद्धिबळं खेळाय चाललोय. त्यात नशीब नसतंय.”

“नशिबासाठी नगं. गाडीला येळ हाय, भुकेसाठी खावा,” राहीबाई म्हणाल्या.

भुकेसाठी म्हणून लालासाहेबांनी अख्खी वाटी संपवली आणि कोरेगाव स्टेशनची वाट धरली. सोबत भाऊसो होते. ते गावातल्या पीठगिरणीचे मालक आणि लालासाहेबांचे बालमित्र. खरं तर गावात बुद्धिबळ खेळायला आता तेवढेच एक उरले होते. लढाईत डावा हात अधू झालेले लालासाहेब वर्षापूर्वी इटलीतून परत आले, ते इस्पितळात शिकलेलं बुद्धिबळ घेऊन. खेळणाऱ्या प्रत्येकाला ते हरवत आणि हरलेला माणूस “आज नशीब न्हवतं” म्हणाला की शांतपणे सांगत, “नशीब न्हवं, डोकं कमी पडलं.” अशानं एकेक गडी कमी होत गेला. भाऊसो मात्र रोज हरत, रोज नशिबाला बोल लावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

सांगलीतल्या एका वाचनालयानं दिवाळीनंतर आठ नामवंत खेळाडूंचे सामने ठेवले होते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या अंथरलेल्या होत्या, भिंतीवर घड्याळ होतं आणि नियमांचा कागद डकवलेला होता. त्यातले दोन नियम मोठ्या अक्षरांत होते : एका खेळीला पंधरा मिनिटं, आणि ज्या मोहऱ्याला हात लागेल तेच चालवायचं.

लालासाहेबांचा पहिला डाव जतच्या धुळा नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याशी होता. नऊ वाजले, दहा वाजले, तरी धुळा येईना. पंचांनी लालासाहेबांना विजयी ठरवायला दौत पुढे ओढली.

“थांबा,” लालासाहेब म्हणाले. “न खेळता जिंकायचं म्हंजी नशिबानं जिंकायचं. मी वाट बघतो.”

धुळा दुपारी दोनला आला. वाटेत मोटार बंद पडल्यामुळे तो आदल्या संध्याकाळपासून चालत होता. घोंगडं बाजूला ठेवून तो बसला आणि असा खेळला की विसाव्या खेळीला लालासाहेबांचा एक हत्ती जाऊन राजा कोपऱ्यात अडकला. लालासाहेबांना लय बरं वाटलं. आपण हरणार, पण डोक्यानं हरणार. त्यांनी जमेल तशी एक खेळी केली. धुळानं गालाला हात लावला, पटाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

पाच मिनिटांनी तो घोरू लागला.

लालासाहेब खाकरले. मग मोठ्यानं खाकरले. मग त्यांनी पाण्याचा तांब्या फरशीवर आपटला.

“हवालदार, खेळाडूला उठवणं नियमात बसत नाही,” पंच म्हणाले.

“आवं, पण त्यो झोपलाय.”

“विचार करत असेल.”

“घोरत घोरत?”

पंचांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला. घोरण्याविषयी त्यात काही नव्हतं. पंधरा मिनिटं झाली आणि लालासाहेब जिंकले. धुळाला जाग आली तेव्हा त्यानं विचारलं, “कुणाची खेळी हाय?” लालासाहेबांना त्याच्या तोंडाकडे बघवेना. ते खाली येऊन पायरीवर बसले.

“एकदा असं व्हतंय,” ते भाऊसोंना म्हणाले. “त्याला नशीब म्हणत न्हाईत. झोप म्हणत्यात.”

“मी कुठं काय म्हटलं,” भाऊसो म्हणाले.

दुसऱ्या दिवशीचा डाव घारपुरे वकिलांशी होता. नियमांचा तो कागद वकिलांच्याच हातचा होता. त्यांचा खेळ कोर्टातल्या उलटतपासणीसारखा होता. गोड बोलत बोलत त्यांनी लालासाहेबांचे दोन्ही उंट नेले. आता पुढच्या दोन खेळ्यांत लालासाहेबांवर मात होती. ती वकिलांना दिसत होती आणि लालासाहेबांनाही दिसत होती. तेवढ्यात खिडकीतून एक माशी आली आणि वकिलांच्या वजिराच्या डोक्यावर बसली. वकिलांनी बोटानं माशी उडवली. बोट वजिराला लागलं.

सगळ्यांची नजर भिंतीवरच्या नियमांच्या कागदाकडे गेली.

“माशी उडवली त्यांनी,” लालासाहेब घाईनं म्हणाले. “वजिराला हात न्हाई लागला. मी बघितलंय.”

“लागला,” वकील म्हणाले.

“न्हाई लागला, साहेब. मी समोर बसलोय.”

“हवालदार, बोट माझं आहे आणि नियमही माझाच आहे. माझ्या बाजूनं खोटी साक्ष देऊ नका.” वकिलांचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ होती. वजीर कुठंही हलवला तरी मरत होता. त्यांनी तो हलवला.

लालासाहेब पटाकडे बघत राहिले. वजीर मारला नाही, तर मुद्दाम हरल्यासारखं झालं असतं, आणि ते तर नशिबाहून वाईट. त्यांनी वजीर मारला. वकिलांनी डाव सोडला, हात जोडले आणि जाताना म्हणाले, “तुमचा ग्रह उच्चीचा दिसतो.”

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर लालासाहेबांनी भाकरीला हात लावला नाही.

“खा गड्या,” भाऊसो म्हणाले. “अंतिम डावात पोचलास. लोकं रडत्यात असं नशीब मिळावं म्हणून.”

“भाऊसो, आपल्या गावचा गुंडा माज्यासंगं लढाईत व्हता, त्यो कसा गेला म्हाईत हाय?”

“गोळी लागून.”

“माज्या जागंवर बसला व्हता. मला बिडी वढायची व्हती आणि माज्या अंगावर वारं येत व्हतं. काडी इझत व्हती. म्हणून म्या त्याला म्हटलं, तू हिकडं ये, मी तिकडं बसतो. काडी पेटली आणि त्यो पडला.” लालासाहेब पाण्याकडे बघत होते. “त्याची आई इच्यारती, कसं झालं रं. तिला काय सांगू? वारं त्या अंगाचं व्हतं, म्हणून तुजं पोरगं गेलं? इस्पितळात हे बुद्धिबळ घावलं तवा वाटलं, एक तरी जागा हाय जिथं माणूस स्वतःच्या चुकीनं मरतोय. आता हितंबी माशी आली.”

भाऊसोंनी भाकरी पुन्हा फडक्यात बांधून ठेवली. मग म्हणाले, “उद्या हरशील बघ. चांगला धडधडीत हरशील.”

सकाळी ते एकटेच गणपतीला जाऊन नारळ फोडून आले.

“काय मागितलंस?” लालासाहेबांनी विचारलं.

“म्हटलं, देवा, आज तू मधी पडू नगंस.”

अंतिम डाव मिरजेच्या इमामभाईंशी होता. सत्तरीचे इमामभाई सतारी बनवत आणि बुद्धिबळातही तारा जुळवल्यासारखे सावकाश खेळत. त्या दिवशी कुणी झोपलं नाही, माशी आली नाही. लालासाहेब जन्मात खेळले नव्हते असं खेळले. तिसऱ्या तासाला त्यांचे दोन्ही हत्ती इमामभाईंच्या राजासमोर उभे होते. तेव्हा इमामभाईंनी हात पुढे केला, जरा थांबले आणि मधला घोडा उचलून मागे, पार कडेला नेऊन ठेवला. बघणारे कुजबुजले. लालासाहेबांनाही ती खेळी कळली नाही. पण नऊ खेळ्यांनी तोच घोडा कडेवरून उडी मारून आला आणि त्यानं राजा आणि हत्ती एकदमच धरले. आणखी चार खेळ्यांनी मात झाली.

लालासाहेब उठले आणि इमामभाईंच्या पाया पडले. त्यांचे डोळे भरून आले होते. टाळ्या जिंकणाऱ्यासाठी वाजत होत्या, पण आनंद हरणाऱ्याला झाला होता. भाऊसोंनी तर पेढेच आणायला धाव घेतली.

खाली हॉटेलात लालासाहेबांनी इमामभाईंसाठी चहा मागवला.

“आवं, त्यो घोडा,” ते म्हणाले. “मागं घेतला तवाच तुमाला पुढच्या नऊ खेळ्या दिसत व्हत्या. कसलं डोकं म्हणायचं हे. म्या जलमभर हेच सांगत आलोय, हितं नशीब न्हाई.”

इमामभाईंनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. प्यायला मात्र नाही.

“हवालदार, तुमी एवढे पाया पडलात म्हणून खरं सांगतो,” ते म्हणाले. “मला हत्ती चालवायचा व्हता. डोळ्यात मोतीबिंदू हाय. हत्ती समजून उचलला, तर बोटाला घोड्याचे कान लागले. उचलल्यावर काय करता? जिथं कमी नुकसान व्हईल तिथं ठेवला.”

“आणि त्या नऊ खेळ्या?”

“त्या मलाबी नवव्या खेळीलाच दिसल्या.”

रस्त्यावरून टांगे जात होते. लालासाहेबांच्या कपातल्या चहावर साय धरली.

“येवढं कुणाला सांगू नका,” इमामभाई हळूच म्हणाले. “ह्या वयात नाव जाईल माजं.”

“न्हाई सांगत,” लालासाहेब म्हणाले. “पर तुमीबी मला सांगायला नको व्हतं.”