कालच्या मॅचची दुआ

ऑक्टोबर महिना लागला, की अब्बासभाई होडेकर कानांत कापूस घालून दुबईत देऱ्याच्या बाजारात हिंडायचे. कान दुखत नव्हते. उलट अख्ख्या खाडीकाठावर इतके तिखट कान दुसऱ्या कुणाचे नसतील. गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात तांदळाच्या पोत्यावर उंदीर चढला, तर हे पुढच्या दारात बसून सांगायचे. कापूस असायचा तो बातमी आत शिरू नये म्हणून. आणि बातमी तरी कसली, तर अमेरिकेत काल बेसबॉलची मॅच कोण जिंकलं याची!

आता रत्नागिरीकडच्या माणसाला बेसबॉलचं वेड लागावं तरी कसं? पण त्याला कारण होतं. दुबईला येण्याआधी अब्बासभाई कित्येक वर्षं दम्मामकडे एका अमेरिकन तेल कंपनीच्या छावणीत खानसामा होते. तिथले विहिरी खोदणारे गोरे लोक संध्याकाळी वाळवंटात बेसबॉल खेळायचे आणि त्यांना नेहमी एक गडी कमी पडायचा. तो गडी म्हणजे अब्बासभाई. चेंडू मारणाऱ्याच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा जो कॅचर असतो, ते काम त्यांना दिलं होतं. 'आपल्याला उकिडवं बसायची सवय, त्या लोकांना खुर्ची लागते,' असं त्यांचं म्हणणं.

आम्ही दोघं एकाच सिंधी शेठच्या पेढीवर होतो. मी टायपिस्ट, ते स्टोअरकीपर. खोलीही एकच, पेढीच्या माळ्यावर, आणि तिच्यावर गच्ची. मी क्रिकेटच्या संस्कारांत वाढलेला माणूस, त्यामुळे हा दांडपट्टा मला मुळीच पसंत नव्हता. तसं बोलून दाखवलं की ते माझी कीव करायचे.

"तुमच्या क्रिकेटात काय हाय, पेंडसे? माणूस दोन टोकांमधी हेलपाटे मारतो. हितून तिथं, तिथून हितं. पोस्टमन बरा! बेसबॉलात माणूस घर सोडून निघतो आणि फिरून घरीच येतो. घराला पाय लागला तर रन. रस्त्यात राहिला तर खलास."

आणि ट्रेनिंग! पहाटेची नमाज झाली, की अब्बासभाई गच्चीवर चढायचे. लाँचवरचा जुना दोर घेऊन उड्या. खजुराच्या डब्यांत वाळू भरून केलेली वजनं. मग कॅचरच्या बैठका. खाली झोपलेल्या माझ्या तोंडावर छताचा चुना पडायचा. तोंड पुसत वर गेलो, की हसतमुखाने प्रश्न यायचा, "उठलाव काय?" यापुढे माणूस भांडणार तरी कसा?

"अब्बासभाई, पन्नाशी उलटली. कशासाठी एवढं?"

"प्लेअर माणसानं फिट राहायला पायजे. बोलावणं कवा येईल भरवसा नाय."

"अमेरिकेतून? तुम्हाला?"

"कॅचर लोकांचे गुडघे लवकर जातात," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "शॉर्टेज हाय."

ऑक्टोबरात मात्र ट्रेनिंग संध्याकाळी असायचं. कारण तेव्हा अमेरिकेत वर्ल्ड सिरीज चालायची. दोन टीम, सात मॅच, चार जिंकेल तो राजा. या मॅचेस अमेरिकन शिपायांसाठी असलेल्या कुठल्याशा रेडिओ स्टेशनवर लागायच्या. पण थेट लागायच्या तेव्हा आमच्या ट्रान्झिस्टरवर नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला, मगरिबची नमाज झाली, की तीच मॅच टेपवरून पुन्हा लावायचे, ती ऐकू यायची. म्हणजे मॅच संपून दिवस उलटलेला असायचा आणि अब्बासभाईंच्या लेखी ती सुरूच व्हायची असायची. मधला दिवस निकालाला चुकवत काढायचा. म्हणून तो कापूस.

टीम त्यांची ठरलेली नसे. पहिली मॅच जो हरेल तो 'आपला'. जिंकणाऱ्याला आपली काय गरज, असं ते विचारायचे. मग त्या आपल्या टीमसाठी रेडिओसमोर बैठका काढायच्या, दुआ मागायची, आणि ती हरली की जेवताना कुणाशी बोलायचं नाही.

सगळ्यात मोठं संकट म्हणजे टेक्सासचा एक साहेब. तो जेटीच्या कामावर होता आणि दोर, पत्रे, खिळे न्यायला आमच्या गोदामात यायचा. साहेब मोठा दिलदार, आणि पोटात काही राहत नाही असा. त्याची गाडी दिसली की अब्बासभाई पोत्यांच्या थप्पीमागे बसून मोठ्याने कलमा पढायचे. साहेब बिचारा टोपी काढून उभा राहायचा. त्याला वाटायचं, या लोकांची नमाजाची वेळ दिवसातून फारच वेळा येते.

एकदा मात्र साहेबाने पोत्यांचा नाद सोडला आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन निकाल सांगून टाकला. मी संध्याकाळपर्यंत ब्रही काढला नाही. पण रेडिओ लावताना अब्बासभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

"आपले हरले."

"मी कुठे काय बोललो?"

"बोलायला कशाला पायजे? तुमचं थोबाड म्हणजे स्कोअरबोर्ड हाय!"

दुसऱ्या दिवसापासून माझंही ट्रेनिंग सुरू झालं. चेहरा प्लेन ठेवायचं. भिंतीला आरसा टांगून मला समोर बसवायचे आणि मागून एकेक सोडायचे. "शेठनं पगार वाढवला... प्लेन ठेवा! शेठनं नोकरीवरून काढला... भुवई हलली, पेंडसे, भुवई!" आठवड्याभरात माझा चेहरा इतका प्लेन झाला, की शेठ विचारायला लागला, तुझी तब्येत बरी आहे ना.

मी सांगतोय त्या ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट होती. अब्बासभाईंची एकुलती एक मुलगी जुबेदा गावी बाळंतपणाला टेकली होती. पहिलंच. जावई बोटीवर नोकरीला. अब्बासभाईंची बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे पोरीजवळ एक म्हातारी मावशी तेवढी. कुणीही म्हणेल, बापाने गावी जावं. शेठसुद्धा म्हणाला, "यल्ला, छुट्टी लेके जाओ." तर म्हणतात, सिरीज तोंडावर आली.

मी चिडलोच. "पोरीपेक्षा तुम्हाला तो चेंडू मोठा?"

"बाळंतिणीच्या घरात बाप्याचं काय काम?" ते दोर गुंडाळत म्हणाले. "मी जाऊन काय करणार? पडवीत उकिडवा बसणार. ते हितं पन करता येतं."

शिवाय गावी ताकीद देऊन ठेवलेली, की काही झालं तरी तार करायची नाही. आमच्याकडे तार म्हटली की न वाचताच रडायला सुरुवात करतात. मुंबईची आगबोट येईल, गावचं कुणी ना कुणी तिच्यावर असेल, तो सांगेल. तोवर पोस्टाचा माणूस समोरून आला, की अब्बासभाई गल्ली बदलायचे. मला वाटायचं, हाही बेसबॉलचाच परिणाम.

त्याच दिवसांत ते एका शुक्रवारी मला घेऊन मशिदीशी गेले. तिथले मौलवी लखनौकडचे, वयस्कर, शांत. मी बाहेर सावलीत उभा राहिलो. अब्बासभाईंनी त्यांना अदबीने विचारलं, "मौलवीसाब, जो बात हो चुकी है, मगर हमको मालूम नहीं, उसके वास्ते दुआ माँग सकते क्या?"

"मसलन?" मौलवींनी उदाहरण मागितलं.

अब्बासभाई घुटमळले. "मसलन... कल का मॅच."

मॅच म्हणजे काय, इथपासून सुरुवात झाली. अब्बासभाईंनी दाराशी काढलेल्या चपला चार कोपऱ्यांत मांडल्या आणि त्यांच्याभोवती धावून दाखवलं. एका पठाणाची भलीमोठी चप्पल घर झाली. मौलवींनी कपाळाला आठ्या घातल्या, मग मान डोलावली, मग स्वतःच दोन चपला सरकवून विचारलं, "और ये तीसरी चप्पलवाला? वो बेचारा घर आया के नहीं?" अब्बासभाई म्हणाले, उसी के वास्ते तो दुआ है. तेवढ्यात पठाण चप्पल शोधत आला. त्या गडबडीत मूळ प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. परतताना मी हसून हसून बेजार झालो होतो. अब्बासभाई काही हसत नव्हते.

आगबोट आली ती नेमकी सातव्या मॅचच्या दिवशी. तीन-तीन झालेल्या, म्हणजे आता काय तो निकाल. बातमी आली की बोटीवर त्यांच्या गावचा कासम आहे. मला वाटलं, आता तरी हा माणूस धक्क्यावर धावेल. तर ते गच्चीवर रेडिओची एरियल बांधत होते.

"तुमी जावा, पेंडसे. मी मॅच ऐकतो."

यावर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गेलो मात्र. धक्क्यावर ही गर्दी, ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या. कासमला गाठलं. त्याने तोंडभर हसून सांगितलं, जुबेदाला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. मला इतका आनंद झाला, की मी त्या अनोळखी माणसाला मिठीच मारली. तसाच परत फिरलो, तर वाटेत आडवा आला टेक्सासचा साहेब! हात धरून त्याने मला सातव्या मॅचचा निकाल सांगितला, वर कसा कसा ते अभिनयासकट सांगितलं.

झालं! जिना चढताना माझ्या डोक्यात एकच. वर मॅच चालू असणार आणि मला निकाल माहीत आहे. भुवई हलता कामा नये. शेवटच्या पायरीवर थांबून मी चेहरा अगदी प्लेन केला आणि गच्चीवर पाऊल टाकलं.

अब्बासभाई रेडिओसमोर कॅचरसारखे बसले होते. शेवटची, नववी इनिंग चाललेली, आपला एक गडी तिसऱ्या कोपऱ्यावर, घराच्या अलीकडे उभा. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात लांब करून रेडिओ बंद केला.

"बोलू नका," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "आधी मागू द्या मला."

त्यांनी दोन्ही हात पसरले. ओठ हलत होते, त्यातलं 'जुबेदा' तेवढं मला ऐकू आलं. तेव्हा माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला, की हा माणूस माझ्या तोंडावर भलतीच बातमी वाचतोय.

"अहो, मुलगी झाली!" मी ओरडलो. "दोघी ठणठणीत आहेत! कासमने डोळ्यांनी पाहिलंय!"

त्यांचे हात तसेच राहिले. "मग चेहरा असा मेल्यासारखा का केलाव?"

"तुम्हीच म्हणालात ना, प्लेन ठेवा! मला मॅचचा निकाल कळलाय!"

त्यांनी मला कोकणातली एक सणसणीत शिवी हासडली. मग ते मटकन खाली बसले. हसायला लागले, आणि हसता हसता डोळे सदऱ्याच्या बाहीने पुसायला लागले. वर्षानुवर्षं उकिडवा बसणारा माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा पाय पसरून बसलेला पाहिला.

"जुबेदाची आई हिच्याच बाळंतपणात गेली," ते म्हणाले. "मी छावणीत होतो. बातमी यायला महिन्याच्या वर गेला. तवर मी रोज तिच्या नावानं दुआ मागायचो. तिला सुखरूप ठेव, तिची तब्येत सांभाळ. ती मातीत, आणि मी हिकडं रोज मागतोय. संध्याकाळी बेसबॉल पन खेळतोय, हसतोय. मग त्या दुआ गेल्या कुठं, पेंडसे? मौलवींना तेच विचारायचं होतं. तोंडात शब्द येईना, म्हणून मॅचचं बोललो."

मला धर्मातलं काही कळत नाही, त्यांच्याही आणि माझ्याही. त्या माणसाची मला फार माया आली, एवढंच खरं. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"जुबेदाकडे गेल्या असतील," मी म्हटलं.

खाडीवर लाँचींचे दिवे लागले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"नाव काय ठेवलानी पोरीचं?"

ते विचारायचं मी साफ विसरलो होतो. या वेळी मात्र माझ्या चेहऱ्यावर त्यांनी अगदी बरोबर वाचलं. "बापरे, काय माणूस हाय!" असं म्हणत ते उठले, खिशातला कापूस काढून फेकला आणि तीन-तीन पायऱ्या गाळत जिना उतरले. कासम शारजाच्या गाडीत बसायच्या आत त्याला गाठायला हवं होतं. भर बाजारातून पन्नाशीचे अब्बासभाई पुढे पळत होते, आणि मी सव्वीस वर्षांचा, धापा टाकत, "अहो, थांबा!" म्हणून मागून ओरडत होतो.