फ्रीजरमधली रुवैसची कोलंबी

फ्रीजरमधल्या पिशवीला हात लावू नकोस, असं सुचित्राने नवऱ्याला बजावलं होतं. पण ते लॅबमधून फोनवर, आणि प्रकाश तेव्हा क्रिकेट बघत होता.

पिशवीत रुवैसच्या किनाऱ्यावरून आणलेली कोलंबी होती. कोलंबी नात्याने विंचवाच्या जवळची की झुरळाच्या, हे सुचित्रा डीएनएवरून शोधत होती. परिषदेत निकाल मांडले तरच तिची नोकरी टिकणार होती. लॅबचा फ्रीजर बिघडला म्हणून नमुने दुबईतल्या अल कुसैसच्या घरी आले होते. प्रकाश झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा, त्यामुळे तिने त्याला संशोधनाचा विषय कधी सांगितलाच नव्हता.

त्यात नेमकी गटारी आली. श्रावण लागायच्या आत फ्रीजरमधली मासळी संपलीच पाहिजे, हा आईचा नियम प्रकाश इथेही पाळायचा. त्याचा मित्र समाधान मदतीला आला, म्हणजे जेवायला.

"प्रकाशराव, ही पिशवी?"

"यल्ला, टाक टोपात! आज सगळं खलास. उद्यापासून महिनाभर पालक."

कालवण फक्कड झालं. बोटं चाटत समाधानने रिकामी पिशवी उचलली. "यावर वहिनींच्या अक्षरात 'रुवैस' का लिहिलंय हो?"

प्रकाशला ठसकाच लागला. दोघे तडक मासळीबाजारात पळाले आणि तशीच कोलंबी आणून पिशवी भरली.

"अंगावर पत्ता थोडाच लिहिलेला असतो?" समाधानने धीर दिला.

श्रावणातच एका संध्याकाळी सुचित्रा निकाल घेऊन आली. प्रकाश पालक जेवत होता.

"प्रकाश, गंमत बघ. कोलंबीचं अंग तिच्याच पायाशी जुळत नाही."

"पाय?"

"प्रत्येकीचा एकेक पाय मी आधीच तोडून लॅबमध्ये स्पिरिटमध्ये ठेवला होता. पाय आहेत रुवैसचे आणि अंग गुजरातचं."

"पोहत आली असेल."

"बर्फाच्या खोक्यात बसून?"

प्रकाशने सगळं कबूल केलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तुझी परिषद बुडाली ना गं?"

"नाही. पायांवर भागलं. निकाल पक्का आहे. कोलंबीचं विंचवाशी नातं लांबचं."

"सुटलो!"

"जवळचं आहे झुरळाशी. चुलत भावंडंच म्हण."

प्रकाशने ताट सरकवलं आणि पाय खुर्चीवर घेतले.

श्रावण संपल्यावर सुचित्राने मुद्दाम कोलंबीचं कालवण केलं. समाधानला नातं कळलं होतं, तरी त्याने वाटी पुढे केली. "असतील भावंडं. वाढा, वहिनी."

"मला आपला पालकच," प्रकाश पुटपुटला.

सुचित्राने त्याची कालवणाची वाटी आपल्याकडे ओढली.