रुपेरी केबलची नम्रता

कौस्तुभ सामंतांचे कान साधे नव्हते. तसं त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलेलं होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. बाकीचं जग गाणं ऐकायचं; कौस्तुभराव गाण्यातली केबल ऐकायचे!

मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त होऊन सिंधुदुर्गातल्या कट्टा गावाजवळच्या घरी राहायला आल्यावर त्यांनी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणले. हे स्पीकर म्हणजे खोकी नव्हेतच. पुरुषभर उंचीच्या दोन जाळीदार फळ्या आणि आत पिशवीच्या प्लास्टिकपेक्षा पातळ पडदा. तो पडदा विजेने भारलेला राहावा म्हणून फळ्यांची पिन भिंतीत कायम खोचलेली लागते. गाणं येतं ते अँप्लिफायरकडून, वेगळ्या केबलने. आवाज मात्र खरोखर स्वर्गीय! बायको विनीता पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, "ओ, ही दारां बसवतलात खंय?"

प्रश्न उरला केबलचा. त्यावर कौस्तुभरावांनी चार महिने अभ्यास केला. मुलीसाठी स्थळ बघायला त्यांना तीन आठवडे पुरले होते. ‘कर्णमधुर सिंधुदुर्ग’ या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या दोनशे बारा जाणकारांनी त्यांना साकडं घातलं होतं, "निकाल तुम्हीच लावा!" शेवटी दोन केबल मागवल्या. एक निळी आणि एक वेणी घातल्यासारखी रुपेरी.

साक्षीला सावंतवाडीहून मावसभाऊ निकेत आला. तो पदार्थविज्ञानाचा निवृत्त मास्तर, म्हणजे आनंदाचा जन्मजात शत्रू.

"तार ती तार, कौस्तुभा. फरक पडूचो नाय."

"नाही पडला तर ग्रुप सोडतो!" कौस्तुभराव गरजले. विनीताने निकेतकडे मोठ्या आशेने पाहिलं.

रविवारी सकाळी दहाला निळी केबल लागली. नाट्यगीत सुरू झालं आणि बाई जणू समोरच पाटावर बसून गायला लागल्या. निकेतनेसुद्धा मान डोलावली.

"बरी आहे," कौस्तुभराव नाक मुरडत म्हणाले, "पण उथळ!"

ते फळ्यांमागे बसून रुपेरी केबल जोडत असताना मासेवाली शेवंती सुरमईची टोपली घेऊन आली. "वैनी, इसवण हाडलंय. फोन मेलो माझो, वायच चार्जिंगाक लावतंय हां!" दारापाशी फोन लावून तीही ऐकायला टेकली.

गाणं पुन्हा सुरू झालं. एक मिनिट छान गेलं. मग आवाज हळूहळू उतरायला लागला.

"ऐकलंस?" कौस्तुभराव डोळे मिटून म्हणाले. "उथळपणा गेला! बाई अंतर्मुख झाल्या!"

"आवाज बारीक झालो," निकेत म्हणाला.

"बारीक नव्हे, नम्र! ही केबल स्वतःचा तोरा मिरवत नाही!" लगेच त्यांनी ग्रुपवर आवाजी निरोप धाडला, "मित्रहो, रुपेरी केबलची नम्रता केवळ अवर्णनीय!"

पुढच्या पाच मिनिटांत बाई इतक्या नम्र झाल्या की पंख्याची कुरकुर त्यांच्यावर मात करू लागली. कौस्तुभरावांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटी बटण टोकाला टेकलं. दुसरा निरोप गेला, "आता तर मौनातलं संगीत ऐकू येतंय!"

"भाऊ," शेवंतीने विचारलं, "बाई गाता काय मनातल्या मनात म्हणता?"

यावर मात्र कौस्तुभरावांचा चेहरा उतरला. विनीताने माळ्यावरून विहिरीच्या पंपाची उरलेली वायर काढून दिली. "ही लावून बघा तरी."

एरवी त्यांनी हा अपमान मुळीच सहन केला नसता. पण आता नाइलाज होता. गाणं थांबवायचंही न सुचता त्यांनी वायर जोडली. आवाज नाही! पडदे फाटले की काय? ते फळीला पाठ लावून मटकन जमिनीवर बसले.

"येतंय गो," म्हणत शेवंतीने फोन घेतला आणि ती पायऱ्या उतरली. तोच फळ्यांतून अशी तान फुटली की फणसावरचे कावळे एकदम उडाले! निकेतचा चहा निकेतच्याच मांडीवर सांडला. कौस्तुभराव रांगत बटणाकडे धावले.

"पंपाची वायर जिंकली!" निकेत ओरडला.

शेवंती घाबरून परत आली. "मिया काय एक करूक नाय गो वैनी! तुमची पिन काढून थंय माझो चार्जर लायललंय. जाताना तुमची पिन परत घातलंय, इतक्याच!"

सगळे पिनेकडे बघत राहिले. वीज तोडली की पडद्यातला भार हळूहळू उतरतो आणि त्याबरोबर आवाजही, हे निकेतने मास्तरी थाटात समजावायला घेतलं. अर्ध्यावरच त्याला इतकं हसू फुटलं की पुढचं वाक्य काही बाहेर पडेना. कौस्तुभरावांना मात्र लाजेपेक्षा हायसंच जास्त वाटलं. पडदे शाबूत होते!

मग त्यांना ते दोन निरोप आठवले. खरं काय ते कळवून टाकावं म्हणून त्यांनी ग्रुप उघडला. कबुली लिहून झाली, पाठवणार इतक्यात वरचे निरोप दिसले. कानांना मुजरे, फुलं, टाळ्या! खारेपाटणच्या दंतवैद्यांनी तर लांबलचक मजकूर लिहिला होता: "माझ्याकडेही रुपेरी केबल लावल्यापासून अगदी हीच नम्रता जाणवते. मौन तर अप्रतिम!"

जिल्ह्यात ती केबल एकट्या कौस्तुभरावांकडे होती.

त्यांनी कबुली एकेक अक्षर करत पुसली आणि "धन्यवाद" एवढंच पाठवलं.

"सांगितलात काय खरां?" विनीताने विचारलं.

"नाही गो," कौस्तुभराव खाली बघत म्हणाले, "कोणाची श्रद्धा मोडवत नाही माझ्याच्याने!"