मिस्त्रींचा आठवडा

"घटस्फोट ना? आठवड्याभरात देतो," मिस्त्री म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावरच ठेवली.

आता मिस्त्रींचा आठवडा म्हणजे काय, ते ज्याने त्यांच्याकडे लाकूडकाम टाकलंय त्यालाच विचारा. एकीने बाळासाठी पाळणा सांगितला होता. पाळणा घरी पोचला तेव्हा तो उतरवून घ्यायला बाळच खाली आलं, दाढी कुरवाळत. खोटं वाटत असेल तर बाळाला विचारा, परवाच निवृत्त झालंय.

मिस्त्रींची बायको बेकरीत कामाला. भट्टीतला पाव काही 'उद्या बघू' म्हणत नाही, त्यामुळे तिचं सगळं वेळच्या वेळी. नवरा तसा वाईट नव्हता हो. दारू नाही, शिवी नाही. फक्त घरातल्या बाथरूमला कडी नव्हती. नवी नवरी म्हणून आली तेव्हाच तिने सांगितलं होतं, आणि मिस्त्री म्हणाले होते, "आठवड्याभरात." तेव्हापासून ती आत गेली की मोठमोठ्याने गाणं म्हणे, कोणी दार ढकलू नये म्हणून. आवाज असा, की गल्लीतली कुत्री तेवढा वेळ दुसऱ्या गल्लीत राहायला जात.

एक दिवस तिचा घसा बसला. गाणं निघेना. आणि मिस्त्रींचं एक गिऱ्हाईक हात धुवायला म्हणून सरळ आत शिरलं.

त्याच दिवशी तिने घटस्फोट मागितला आणि मिस्त्रींना वकीलबाईंकडे नेलं.

"आठवडा कसला, मिस्त्री?" वकीलबाई म्हणाल्या. "आधी वर्षभर वेगळं राहायचं. मग अर्ज, मग तारखा. आणि मध्येच एकत्र नांदलात, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून."

"मी घर सोडणार नाही," बायको म्हणाली.

"मग मी का सोडू? मधे भिंत घालतो."

"तुम्ही? म्हणजे आपल्या नातवंडांना मिळणार घटस्फोट."

पण काय नवल सांगू, दुसऱ्या दिवशी भिंत उभी! प्लायवूडची, गुळगुळीत, हात फिरवत राहावा अशी. बायकोने हात फिरवलाही. 'म्हणजे येतं यांना,' तिच्या मनात आलं, आणि ती आणखीनच भडकली.

पुढची खोली, बाहेरचं दार आणि स्वयंपाकाचा ओटा तिच्याकडे. मागची खोली आणि बाथरूम मिस्त्रींकडे. सकाळी ती खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीसमोर उभी राहिली. पलीकडे मिस्त्री रिकामा कप घेऊन उभे. तिने भिंतीवर टकटक केली.

"बाथरूम," ती म्हणाली.

"चहा," भिंत म्हणाली.

दुपारपर्यंत भिंतीला दार झालं. संध्याकाळी वकीलबाई बघायला आल्या.

"दार आहे म्हणजे घर एकच झालं की. आणि मिस्त्री, तुमच्या हातातला चहा कोणी केला?"

दोघंही छताकडे बघायला लागली.

"वर्ष पहिल्यापासून," वकीलबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"बुजवा ते दार," बायको कडाडली. "मी शेजारणीकडे जाईन अंघोळीला."

मिस्त्रींनाही चेव आला. एकेक खिळा असा ठोकला की शेजारणीच्या फळीवरचे डबे नाचले. शेवटचा खिळा बसला. मिस्त्री दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून काम बघितलं, आणि पाठीला काहीतरी गरम लागलं म्हणून वळले. शेगडी होती. बायकोची.

तेवढ्यात वकीलबाई पुन्हा हजर.

"भिंत झकास आहे," त्या म्हणाल्या. "पण नवरा आतल्या बाजूला ठेवायचा होता ना? वर्ष पहिल्यापासून."

बायको मटकन खुर्चीत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "वर्ष व्हायचं तेव्हा होवो. एक कडी लावा. आज. माझ्या डोळ्यांदेखत."

परक्या बाईसमोर मिस्त्रींचे कान तापले. त्यांनी भिंतीच्या फळ्या उचकटल्या, पलीकडे गेले आणि कुणाच्या तरी गोदामासाठी आणलेली मनगटाएवढी कडी चहा उकळायच्या आत बाथरूमला ठोकली. बायकोने टॉवेल उचलला. आत गेली. खट्.

गाणं नाही. नुसता पाण्याचा आवाज.

मिस्त्री अस्वस्थ झाले. "बरं नाही का हिला? आवाज येत नाही."

"कडी आहे आता," वकीलबाई म्हणाल्या. "गाणं कशाला लागतंय?"

"हं," मिस्त्री म्हणाले. अंगावरचा भुसा झटकायला लागले. भुसा केव्हाच झडून गेला होता.

बऱ्याच वेळाने आतून खडखड झाली.

"अहो."

"काय गं?"

"कडी निघत नाही."

मिस्त्रींनी दार ओढलं, ढकललं, खांदा लावला. गोदामाची कडी ती, चोरांना पुरून उरणारी. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. वकीलबाईंनी दाराच्या अलीकडे बघितलं, पलीकडचा कानोसा घेतला, आणि पर्समधून डायरी काढली. आता कुठे ही दोघं खरी वेगळी झाली होती.

"किती वेळ लागेल?" आतून प्रश्न आला.

"आठवडा," मिस्त्री म्हणाले.

"वर्ष," वकीलबाई म्हणाल्या.

मग आतून गाणं सुरू झालं.