दुष्काळात घेतलेली जाड डिक्शनरी

इंग्रजीच्या बाबतीत आमच्या गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. दुसरा कोणी ती बोलतच नव्हता, हा भाग वेगळा! मी सोसायटीचा सेक्रेटरी, मॅट्रिक पास. त्यामुळे बाहत्तरच्या दुष्काळात मिशनचे गोरे साहेब बोअर कुठे घ्यायचे ते ठरवायला येणार म्हटल्यावर सरपंच भिमाजीअण्णा थेट माझ्याकडे आले.

"भाऊसाहेब, साहेबाला येवढंच सांगा, पानी न्हाई."

"अण्णा, नुसतं असं सांगून बोअर मिळत नाही. भाषा वजनदार पाहिजे!"

वजनासाठी मी नगरला गेलो. दुकानदाराने दोन डिक्शनऱ्या पुढे ठेवल्या. एक खिशात मावणारी. दुसरी उशीएवढी. तिच्या पानावर वरच्या बाजूला अर्थ आणि खाली त्याच अर्थाचे आणखी शब्द!

"रोजच्या वापराला छोटी पुरे," दुकानदार म्हणाला.

"छोटी तुमच्या पोरांना द्या!" मी म्हणालो आणि उशी उचलली.

घरी आमच्या बायकोने, चांगुणाने, ती हातात तोलून पाहिली. "बरी हाय. पापडावर ठेवायला."

मी दुर्लक्ष केलं. 'वॉटर' काय, एस.टी. स्टँडवरच्या हमालालाही येतं. मी 'वॉटर' काढला. खाली सापडला 'लिक्विड'. 'लिक्विड'च्या खाली सापडला 'लिकर'. वा! काय भारदस्त शब्द! वरचा अर्थ वाचायला सवड कुणाला होती?

साहेब जीपमधून आले. नुकतेच परदेशातून आलेले, मराठीचा गंध नाही. चावडीपुढे सगळा गाव रिकाम्या घागरी घेऊन बसला होता. मी घसा खाकरला.

"सर! अवर व्हिलेज हॅज नो लिकर!"

साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "व्हेरी गुड!"

गुड? मी आवाज चढवला. "नो सर, व्हेरी बॅड! विमेन वॉक फोर माइल्स फॉर लिकर! चिल्ड्रन क्राय फॉर लिकर!"

साहेबांनी घागरींच्या रांगेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. "चिल्ड्रन?"

आपलं म्हणणं पोचत नाही असं वाटून भिमाजीअण्णा मदतीला धावले. त्यांनी अंगठा तोंडाला लावून मान मागे टाकली. लगेच सगळ्या गावाने तेच केलं. झुंबरबाईने तर कडेवरच्या नातवाचाही अंगठा त्याच्या तोंडात घातला!

"लेडीज ऑल्सो?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

"स्पेशली लेडीज!" मी छाती काढून म्हणालो.

साहेब डोळे पुसत जीपमध्ये बसले. "रडवलंत की!" अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बोअर आलंच समजा!"

आठवड्याने जीप आली. बोअरचं यंत्र नव्हतं. मिशनचे शांतवन मास्तर उतरले, वाजवायची पेटी आणि दारुड्याच्या सडक्या काळजाचं रंगीत चित्र घेऊन. त्यांनी दारूबंदीवर भर उन्हात व्याख्यान सुरू केलं. गाव मुकाट ऐकत होता. अखेर मास्तरांचा घसा सुकला.

"जरा पाणी द्या हो!"

झुंबरबाईने अर्धा पेला गढूळ पाणी आणलं.

"एवढंच?"

"येवढंच हाय. तेच तर मागत हुतो साहेबाकडं. तुमी भजन घिऊन आला!"

मास्तर थबकले. "पण साहेब म्हणाले, गाव लिकर मागतं!"

"मीच सांगितलं तसं," मी अभिमानाने म्हणालो.

"अहो, लिकर म्हणजे दारू!"

मास्तरांच्या पेटीतली उरलेली हवा फुस्सकन सुटली. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी घरी जा. बायका उठायच्या आत जा."

मास्तरांनी परत जाऊन खुलासा केला. यंत्र आलं, पाणीही लागलं. झुंबरबाईने पहिली घागर भरली तेव्हा मी मारुतीच्या देवळामागून पाहत होतो.

पंप सुरू करायला साहेब आले. तोवर ते थोडं मराठी शिकले होते. मला त्यांनी गर्दीतून शोधून काढलं आणि माझा हात हातात घेतला. मास्तरांच्या खुलाशाचा त्यांनी वेगळाच अर्थ लावलेला दिसत होता.

"गाव चांगला. फक्त तुम्ही पीत होता," ते कळवळून म्हणाले. "आता सोडली?"

खुलासा करायला मी तोंड उघडणार, तोच मागून चांगुणा म्हणाली, "व्हय साहेब! इंग्रजीसकट सोडली!"