काट्यावरचं उत्तर

मॅट्रिकनंतरच्या पी.यू.सी.च्या फिजिक्समध्ये वसंता दोनदा आपटला होता. तिसऱ्या खेपेला त्याने आष्टीच्या घरी ओसरीत सतरंजी टाकून अभ्यास मांडला, तर ज्वारी पाखडत बसलेली त्याची मॅट्रिक पास बायको शिवकन्या म्हणाली, "अवो, तिथं भागायचं न्हाई, गुणायचं. सेकंदाला पाच लाटा, एकेक लाट दोन मीटरची. मंग वेग दहा."

वसंताचं उत्तर अडीच आलं होतं. पुस्तकात दहा होतं.

"सूनबाई लई हुशार रे!" वडील रामराव म्हणाले. आठवड्यात चौथ्यांदा. बाप त्याला जन्मात कधी हुशार म्हणाला नव्हता.

पुढचं गणित नॉर्मल फोर्सचं. जमिनीवर दहा किलोची पेटी. वीस न्यूटनने वर ओढली, पण उचलली गेली नाही. जमीन पेटीला किती बलाने रेटते?

"अठ्ठ्याण्णव," वसंता म्हणाला. "वजन ते वजन."

"अठ्ठ्याहत्तर. वीसचा भार ओढणाऱ्यानं घेतला ना. काट्यावर ठिवून बघा, काटा बी कमी दाखवंल."

"बिलकुल न्हाई!"

नेमकं उत्तराचं पान फाटलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी वडील ज्वारी घेऊन बाजारात निघाले, तसा वसंताही बायकोला खोटं पाडायला गाडीत बसला.

आडतीत पोतं काट्यावर चढलं. वसंता सगळ्यांना ऐकू जाईल असं हमालाला म्हणाला, "भुजंग, हूक लावून पोतं जरासं वर वढ. उचलू नको. वजन कमी होतं का, एवढंच बघायचंय."

भुजंगच्या हातातला हूक गळाला. "मालक, आईची आन! म्या न्हाई सांगितलं याला!"

"गप, येड्या!" आडत्या ओरडला. पण शेतकऱ्यांनी काट्याला गराडा घातला होता. सगळी पोती हूक न लावता पुन्हा मोजली गेली. एकेक पोतं दोन-दोन किलोने वाढलं.

लोकांनी वसंताला खांद्यावर घेतलं. "माझं पोरगं!" रामराव दिसेल त्याला सांगत सुटले. वसंता फुलून गेला.

"पर तुला कळलं कसं?" खालून कुणीतरी विचारलं. "बराबर समजून सांग."

"त्याचं असंय, नॉर्मल फोर्स..." वसंता अडखळला. "म्हंजे मी तर वजन कमी होत न्हाई, हे दाखवायला आल्तो."

"मंग होतं म्हणलं कोण?"

वसंताने दात आवळून सांगितलं, "घरातून."

त्याला अलगद खाली ठेवण्यात आलं. तासाभरात वीस शेतकरी त्याच्या घरच्या अंगणात बसले होते. डोक्यावर पदर घेऊन शिवकन्या समजावून सांगत होती आणि वसंता चहा वाटत होता.

सोमवारी रामराव परतूरहून कॉलेजचा फॉर्म घेऊन आले.

"द्या, भरतो," वसंता म्हणाला.

"तुझा न्हाई, सूनबाईचा. भरूनच आणलाय. इथं फकस्त पालकाची सही पायजे. तू नवरा हायेस, तूच कर जल्दी."

वसंताने सही केली. रामरावांनी कागद उजेडात धरून निरखला.

"बराबर हाये," ते म्हणाले.

कॉलेजच्या कागदावर वसंताचं काही बरोबर येण्याची ही पहिलीच वेळ होती.